लॅब्राडॉरचे पिल्लू घरी आणताना



विस्ताराच्या कामासाठी वाड्यावस्त्यांवर फिरताना अलीकडे मळ्यातल्या घरांपुढे एक नवा पाहुणा दिसू लागला आहे. रुंद कपाळ, लोंबते कान, पिवळसर किंवा काळा तुकतुकीत रंग, आणि आल्यागेल्या प्रत्येकापुढे शेपूट हलवीत उभे राहण्याची सवय. हा लॅब्राडॉर. कुणाचा शहरात नोकरीला असलेला मुलगा त्याला दिवाळीत घेऊन येतो, तर कुणाच्या घरी लेक हट्ट धरते म्हणून तो येतो.

पहिले दोन महिने सगळ्या घराचे कौतुक त्याच्या वाट्याला येते. पुढे सहा-आठ महिन्यांत पिल्लाचे पंचवीस किलोचे धूड होते. ते चपला फाडते, वाळवण विसकटते, आजीच्या अंगावर प्रेमाने उडी मारून तिला पाडते. मग त्याच्या गळ्यात साखळी पडते आणि गोठ्याच्या खांबाशी त्याचा जन्म जातो. यात दोष कुत्र्याचा नसतो. बैलजोडी घेताना चार बाजार पालथे घालणारे, दात पाहणारे, चालवून पाहणारे आपण पिल्लू मात्र मोबाइलवरचा फोटो पाहून घेतो. दहा-बारा वर्षे घरात राहणाऱ्या जनावराची निवड बैलाइतक्याच काळजीने केली पाहिजे. ती कशी करावी आणि पिल्लू आल्यावर शेतातल्या घरात त्याला कसे सांभाळावे, ते या लेखात पाहू.

हे जनावर मुळात कशासाठीचे?

कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड नावाचे मोठे बेट आहे. तिथल्या कोळ्यांनी या कुत्र्याचे पूर्वज पाळले. जाळी ओढायची, गळावरून सुटलेला मासा पाण्यात उडी टाकून धरून आणायचा, ही त्यांची कामे. एकोणिसाव्या शतकात ही कुत्री जहाजांतून इंग्लंडला गेली. तिथल्या जमीनदारांनी शिकारीत पडलेले पक्षी उचलून आणण्यासाठी त्यांची पैदास केली, आणि १९०३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबने लॅब्राडॉरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. काळा, पिवळा आणि चॉकलेटी हे त्याचे तीन रंग. पूर्ण वाढलेला नर साधारण २९ ते ३६ किलो भरतो, मादी २५ ते ३२ किलो.

या इतिहासात त्याचा सारा स्वभाव आला. पक्ष्याला दात न लावता तो मालकाच्या हातात आणून द्यायचा, म्हणून त्याचे तोंड मऊ आणि वृत्ती माणसाळलेली. पाणी दिसले की तो थांबत नाही. गार समुद्रासाठी अंगावर केसांचे दोन थर आहेत. आणि भूक तर विचारूच नका. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना असे आढळले, की लॅब्राडॉरमध्ये सुमारे चौघांत एकाच्या अंगी एक आनुवंशिक दोष असतो आणि त्यामुळे त्याला पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही.

त्याचे नाक फार तीक्ष्ण आणि शिकण्याची आवड दांडगी. मुंबईत १९९३ साली बॉम्बस्फोट झाले, तेव्हा पोलिसांच्या पथकातल्या ‘जंजीर’ नावाच्या लॅब्राडॉरने तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधून दिले आणि कित्येक जीव वाचवले. त्याचे शिक्षण पुण्यात झाले होते. पण ध्यानात घ्या, त्याने काम केले ते नाकाने, दाताने नव्हे.

म्हणून पहिली गोष्ट स्वच्छ सांगतो. राखणीसाठी कुत्रा हवा असेल, तर लॅब्राडॉर घेऊ नका. तो भुंकेल, पण चोराच्याही हातची भाकरी खाईल. रानडुकरे हाकलायला किंवा वस्तीवर एकट्याने रात्र काढायला तो नाही. राखणीला आपले गावठी पिल्लू उत्तम. ते आपल्या उन्हात तगते, कमी आजारी पडते आणि अनोळखी माणसाला ओळखते. लॅब्राडॉर हा घरच्या माणसांत राहणारा जीव आहे. त्याला घरात जागा देणार असाल, तरच पुढे वाचा.

आणण्यापूर्वी घरात बोलून घ्या

सुगीच्या दिवसांत सारे घर शेतावर असते, तेव्हा पिल्लापाशी कोण? लहान पिल्लाला दिवसातून चार वेळा खायला लागते. घरातल्या वडीलधाऱ्यांना कुत्रा आत आलेला चालेल का? हे आधी विचारा. पुष्कळदा पिल्लू आणतो मुलगा आणि शेणघाण काढावी लागते त्याच्या आईला. तेव्हा तिचा होकार सर्वांत आधी घ्यावा.

खर्चाचा हिशेब आपल्या भाषेत असा. तीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे चारशे ग्रॅम कोरडे तयार खाद्य लागते. वर्षाचे झाले जवळजवळ दीड क्विंटल. घरचे शिजवून घातले, तरी डाळ, अंडी, मांस, दही यांचा खर्च आहेच. त्यावर लसी, जंताची औषधे, आजारपण. हे एका वर्षाचे नव्हे, दहा-बारा वर्षांचे आहे. आज पाचवीत असलेला मुलगा पदवीधर होईल, तोवर हा कुत्रा तुमच्या ओसरीवर असेल.

पिल्लू निवडताना

१. वय : आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू घेऊ नका. केंद्र सरकारच्या २०१७ सालच्या नियमांनुसार इतके लहान पिल्लू विकण्यास बंदी आहे, आणि कुत्र्यांची पैदास करून विक्री करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. यामागे कारण आहे. आईपाशी आणि भावंडांत खेळताना चावा किती जोरात घ्यावा, कुठे थांबावे, हे पिल्लू शिकते. महिन्याचे असताना तोडलेले पिल्लू हे शिकत नाही आणि पुढे मुलांना चावे घेते. वयाची शंका आली तर तोंड उघडून पाहा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे बहुतेक सारे, म्हणजे २८ दात आलेले असतात.

२. आई : कुत्री पाहिल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. ‘आई दुसऱ्या गावी आहे’ असे उत्तर मिळाले, तर परत फिरा. आई अंगावर धावून येणारी किंवा कोपऱ्यात दबून बसणारी असेल, तर तोच स्वभाव पिल्लात उतरण्याचा संभव असतो. लंगडणारी असेल तर अधिकच सावध राहा. खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष या जातीत बराच आढळतो.

३. अंग : डोळे स्वच्छ, नाकातून पाणी नाही, कानाला घाण वास नाही, शेपटीखालची जागा कोरडी. पाय बारीक आणि पोट नगाऱ्यासारखे फुगलेले असेल, तर जंत आहेत असे समजा. केस पालथे करून गोचीड, पिसवा, लूत पाहा. बेंबीपाशी गाठ लागते का, ते बोटाने चाचपा.

४. स्वभाव : थोडे दूर बसून टाळी वाजवा, ‘यू यू’ करा. सर्वांना ढकलून अंगावर येणारे आणि कोपऱ्यात लपणारे, ही दोन्ही सोडा. थोडे बिचकून मग वास घेत जवळ येणारे पिल्लू लहान मुलांच्या घरी चांगले. त्याला हातावर अलगद उताणे धरा. जरासे वळवळून शांत झाले, तर ते निवडायला हरकत नाही.

५. कागद : केनेल क्लब ऑफ इंडियाचे नोंदणीपत्र वंशावळ सांगते, प्रकृतीची हमी देत नाही. त्यापेक्षा कोणती लस कोणत्या तारखेला दिली आणि जंताचे औषध केव्हा पाजले, याचे पशुवैद्याच्या सहीचे कार्ड जास्त मोलाचे.

पहिले काही आठवडे

पिल्लू सकाळच्या वेळी आणावे, म्हणजे रात्र होईपर्यंत त्याला घर कळते. आईच्या अंगाचा वास असलेले फडके सोबत मागून घ्या. पहिल्या दोन-तीन रात्री ते रडेल. त्याला अंगणात एकटे बांधू नका. माणसे झोपतात तिथेच खोक्यात गोणपाट घालून ठेवा.

उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लगेच बाहेर ठरलेल्या जागी न्या. तिथे विधी केला की शाबासकी द्या. घरात घाण केली म्हणून नाक घासणे किंवा चपलेने मारणे व्यर्थ आहे. त्यातून ते एवढेच शिकते, की माणसापासून लपून घाण करावी.

खुराक : चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा. नुसती भाकरी-दूध हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार वाढत्या पिल्लाला पुरत नाही. त्यात अंडे, शिजवलेले मांस, मासे यांपैकी काहीतरी हवे. शाकाहारी घरात दही, पनीर, चांगली शिजलेली डाळ द्यावी आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने तयार खाद्याची जोड द्यावी. दुधाने पातळ होऊ लागले तर दूध बंद करा. हाडे लवकर भरावीत म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या मनाने पाजू नका. मोठ्या जातीच्या पिल्लात जादा कॅल्शियमने हाडे बिघडतात. शिजवलेली हाडे टोकदार फुटून आतड्यात रुततात, तीही नकोत. बोकड-मेंढीचे कच्चे काळीज-फुप्फुस तर कधीच घालू नका. त्यातून कुत्र्याच्या पोटात एक प्रकारचा पट्टकृमी वाढतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात पाण्याच्या गाठी होतात.

ताटातले उरलेले घालून कुत्रा गुबगुबीत करणे म्हणजे लाड नव्हे. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरांवर जन्मापासून मरेपर्यंत प्रयोग झाला आणि २००२ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांना पाव हिस्सा कमी खायला दिले, ती कुत्री मध्यम मानाने १३ वर्षे जगली. भरपूर खाणारी ११.२ वर्षे. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण बोटांना लागाव्यात, हे माप ठेवा.

लसीकरणात हयगय नको

पार्व्हो आणि डिस्टेंपर हे पिल्लांचे काळ आहेत. पार्व्होत उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांत जाते. हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत. तोवर पिल्लाला बाजारात, रस्त्यावर जमिनीवर सोडू नका. मात्र कडेवर घेऊन माणसे, ट्रॅक्टर, गुरे, भजनाचा टाळ हे सारे दाखवा. या वयात पाहिलेल्या गोष्टींची त्याला पुढे भीती वाटत नाही. जंताचे औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी द्यावे.

तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस आणि नंतर पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी. साऱ्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता मातांना विशेष सांगणे. ‘घरच्याच पिल्लाचा दात लागला, त्यात काय’ असे म्हणून सोडू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, असेच समजावे. पण चावल्याबरोबर उपाय केले, तर रोग हमखास टाळता येतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जा. पोटातल्या चौदा सुयांची जुनी भीती आता उरलेली नाही. हल्लीची लस दंडावर देतात आणि ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या संख्येने पुरी करायची असते. मोकाट कुत्रे आपल्या पिल्लाला चावले, तरीही पशुवैद्याला लगेच दाखवा.

मळ्यातले धोके

शहरी पुस्तकांत हे सहसा नसते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

औषधे आणि खते : लॅब्राडॉर दिसेल ते खातो. उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाइडचे आमिष त्याला चविष्ट वाटते आणि या विषावर खास उतारा नाही. सोयाबीनमध्ये गोगलगायींसाठी टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही तशाच. एरंडीची पेंड आपल्याला सेंद्रिय खत म्हणून निर्धोक वाटते, पण तिचा वास कुत्र्याला ओढतो आणि तिच्यातले विष जीवघेणे आहे. फळबागेत पेंड टाकल्यावर ती मातीआड करा आणि कुत्र्याला तिकडे फिरकू देऊ नका. विष खाल्ल्याचा संशय आला, तर ताक, तेल, मिठाचे पाणी पाजत बसू नका. औषधाचे पाकीट हातात घेऊन थेट पशुवैद्य गाठा.

आपली पिके : द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. नाशिक-सांगलीकडच्या बागाईतदारांनी बेदाण्याच्या शेडला जाळीचे दार लावावे. कांदा आणि लसूण, कच्चा असो वा शिजवलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासवतो. तेव्हा आमटी-रस्सा कालवलेला भात त्याला नको.

पाणी : कठडा नसलेली विहीर पिल्लाला धोक्याची, तशीच मुलांनाही. त्याहून फसवे ते प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले शेततळे. लॅब्राडॉर आनंदाने आत उडी मारतो, पोहतोही, पण निसरड्या उतारावरून त्याला वर येता येत नाही आणि दमून बुडतो. शेततळ्याला कुंपण घाला. शिवाय गाठी मारलेले जाड दोर किंवा जुने टायर एकमेकांना बांधून चारी बाजूंनी काठापासून पाण्यात सोडा. माणूस पडला तरी तेच उपयोगी येतील.

गोचीड : गुरांच्या गोठ्यातून गोचीड कुत्र्याला लागतो आणि त्यातून ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात. फवारणीचे कीटकनाशक कुत्र्याच्या अंगावर कधीही मारू नका. गुरांचे गोचिडाचे औषधही स्वतःच्या अंदाजाने लावू नका. प्रमाण पशुवैद्याकडूनच घ्या.

बिबट्या : अकोले भागात बिबट्याच्या खाद्याचा अभ्यास झाला आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. उसाच्या पट्ट्यात रात्री दारात कुत्रा बांधणे म्हणजे बिबट्याला घरापर्यंत बोलावणे. संध्याकाळ झाली की कुत्रा घरात घ्या.

ऊन : मराठवाडा-विदर्भातला उन्हाळा या जातीला फार जड जातो. फिरवणे पहाटे आणि दिवे लागणीनंतर. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उभ्या गाडीत ठेवू नका. खाली ओले पोते, जवळ माठाचे पाणी द्या. अंगावरचे केस भादरू नका, ते उन्हापासून आडोसाही देतात. जोरजोराने धापा टाकू लागला, लाळ गळू लागली, झोकांड्या खाऊ लागला, तर सावलीत नेऊन पोट, जांघा, पावले साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला आणि पशुवैद्याकडे न्या.

शिस्त आणि सोबत

चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडून नवे येतात, तेव्हा ते सारे चावत सुटते. त्याला जुना दोर, गाजर द्या आणि चपला वर ठेवा. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’, ‘सोड’ हे चार शब्द साऱ्या घराने सारखेच वापरावेत. एकाने ‘बस’ आणि दुसऱ्याने ‘सिट’ म्हटले, तर ते गोंधळते. सांगितलेले केले की भाकरीचा बारीक तुकडा द्यावा. पाच मिनिटांचा धडा दिवसातून तीनदा पुरे. कोंबड्या, शेळ्या यांची ओळख गळ्यात दोरी ठेवून करून द्या. वर्षभर उंचावरून उड्या मारायला लावू नका, मोटरसायकलमागे तर कधीच पळवू नका. कोवळ्या सांध्यांना ते सोसत नाही. खात असताना आणि झोपलेले असताना मुलांनी त्याला छेडू नये, हा नियम मुलांसाठी करा.

मादी साधारण सहा महिने ते वर्षाच्या आसपास माजावर येते. मळ्याला दार नसते, गावातले कुत्रे जमतात आणि ६३ दिवसांच्या सुमारास सात-आठ पिल्ले दारात. त्यांना कोण घेणार, याचे उत्तर नसेल, तर नसबंदी केव्हा करावी हे पशुवैद्याला आधीच विचारून ठेवा.

आता तुमचे ठरले असेल, तर पिल्लू आणायच्या आधीच्या आठवड्यात इतके करा. औषधांची आणि खतांची खोली कुलपात घाला, विहिरीला जाळी आणि शेततळ्यात दोर सोडा, रात्री कुत्रा घरात कुठे निजेल ती जागा ठरवा, तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटून लसींच्या तारखा विचारून या, आणि खाऊ घालण्याची पाळी कुणाची हे साऱ्या घराने बसून ठरवा. यांतले एखादे काम राहिले असेल, तर पिल्लू एक आठवडा उशिरा आणा. तेवढ्याने त्याचे काही बिघडत नाही.